सूचनापेटीला कुलूप आहे, उत्तराची सोय नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चार श्रमसंहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्यानंतर वृत्तपत्रांत जी चर्चा झाली, ती बहुतांशी वेतनाच्या नव्या व्याख्येवर, भविष्य निर्वाह निधीच्या कपातीवर आणि निश्चित मुदतीच्या करारावरील कामगाराला वर्षभरानंतर मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीवर झाली. हातात पडणाऱ्या रकमेची चिंता आधी असते, हे समजण्यासारखे आहे. मात्र त्यांपैकी औद्योगिक संबंध संहितेतील तिसरे आणि चौथे कलम कोणी फारसे वाचलेले दिसत नाही. कामाच्या ठिकाणी कोणाचे ऐकले जाते, हा प्रश्न त्या दोन कलमांशी जोडलेला आहे, आणि त्याविषयी चार गोष्टी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

तिसरे कलम 'कार्य समिती'चे आहे. 100 किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींची अशी समिती नेमण्याचा आदेश सरकार देऊ शकते. ही तरतूद नवी नाही; 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातही ती तिसऱ्याच कलमात होती. पुढे 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा, असे राज्याला सांगणारे 43 क हे कलमही संविधानात आले. म्हणजे कागदावर या विषयाला पाऊणशे वर्षांची परंपरा आहे. प्रत्यक्षात जिथे अशा समित्या चालल्या, तिथे त्यांच्या बैठकांत कँटीनची भाजी, गणवेशाचे कापड, बसचा थांबा आणि खंडेनवमीच्या पूजेचा खर्च यांपलीकडे विषय क्वचितच गेले. चौथे कलम तक्रार निवारण समितीचे आहे. 20 किंवा अधिक कामगार असतील तर ही समिती असलीच पाहिजे, दोन्ही बाजूंचे सदस्य समसमान आणि एकूण दहापेक्षा जास्त नसावेत, अध्यक्षपद दरवर्षी आलटून पालटून दोन्ही बाजूंकडे जावे आणि महिला सदस्यांचे प्रमाण कामगारांमधील महिलांच्या प्रमाणापेक्षा कमी नसावे, असे ते सांगते. हे चांगलेच आहे. अडचण एवढीच की ही सोय तक्रारीसाठी आहे. ज्याला काही खुपते आहे, त्याच्यासाठी कायद्याने दार ठेवले. ज्याला काही सुचले आहे, त्याने कुठे जावे, हे ठरलेले नाही. परिणामी कामगाराला आपली सूचनासुद्धा तक्रारीच्या वेषात न्यावी लागते, आणि तक्रारखोर म्हणून नाव पडण्यापेक्षा 'आपण बरे, आपले काम बरे' म्हणत तो गप्प राहतो.

माझी नोकरी पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात, स्टोअर्स आणि डिस्पॅच या विभागांत झाली. तिथे कारखान्यातील सगळ्या थरांतील माणसे येऊन जातात, त्यामुळे कोण काय बोलतो आणि कोणाचे बोलणे वरपर्यंत पोहोचते, याचा अंदाज तिथे बसलेल्याला आपोआप येतो. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यातील प्रसंग सांगतो. नाव देण्याचे प्रयोजन नाही, कारण तो इतर अनेक ठिकाणी घडू शकला असता.

ऐन पावसाळ्यात ग्राहकाकडून माल गंजलेला म्हणून परत येऊ लागला. गंज सगळ्या मालाला नव्हता. एका पेटीतले भाग चकचकीत, तर तिच्या शेजारच्या पेटीतल्या भागांवर तपकिरी ठिपके. पॅकिंगच्या टेबलावर कंत्राटदारामार्फत आलेल्या एक बाई होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. त्यांच्या ध्यानात आले होते की जेवणाच्या सुट्टीआधी घाई असली की वॉशिंग मशीनमधून निघालेला माल हाताला गरम लागत असतानाच भरला जातो, आणि तसा माल गंजरोधक पिशवीत घालून तोंड बंद केले की थोड्या वेळाने पिशवीला आतून घाम सुटतो. त्यांनी एक पिशवी उचलून सुपरवायझरला दाखवलीसुद्धा. ''मावशी, तुम्ही मोजून पिशव्या भरा, गंजाचं क्वालिटीवाले बघतील,'' असे उत्तर मिळाले. त्यात उद्धटपणा नव्हता. सुपरवायझर भला माणूस होता, त्याच्या डोक्यावर दुपारच्या गाडीचा माल होता आणि पॅकिंगवाल्या बाईंकडून गंजाचे कारण कळू शकते, ही शक्यताच त्याच्या मनात आली नाही. पुढे गंजरोधक तेल बदलले, पिशव्यांचा पुरवठादार बदलला, ग्राहकाचे पथक येऊन चहा-बिस्किटे खाऊन आणि बरेच काही ऐकवून गेले. अखेर बाहेरून आलेल्या सल्लागाराने, माल भरण्याआधी तो खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, असा अहवाल दिला. टेबलाशेजारी एक जाळीचा रॅक आणि एक पंखा, एवढाच त्यासाठी खर्च आला. सुधारणेचा फलक लागला, त्यावर क्वालिटी विभागातील अभियंत्याचा फोटो होता. कंत्राट संपल्यामुळे मावशी तोवर दुसरीकडे कामाला लागल्या होत्या.

या प्रसंगात कोणी खलनायक नाही, आणि म्हणूनच तो मला महत्त्वाचा वाटतो. सर्वांना सामावून घेणारे वातावरण म्हटले की आपल्याकडे लगेच स्वभावाचे बोलणे सुरू होते: साहेबांनी मोकळे असावे, अहंकार सोडावा, केबिनचे दार उघडे ठेवावे. साहेब बदलले की हे सगळे बदलते. दारे उघडी ठेवणारे साहेबही मी पाहिले आहेत. त्या दारातून आत जाणारे बहुधा तेच असत, ज्यांना दार बंद असतानाही ठोठावण्याची हिंमत होती. खालच्या माणसाचे ऐकले जावे असे खरोखर वाटत असेल, तर ते कोणाच्या मनमोकळेपणावर न सोपवता कामाच्या रीतीत बसवले पाहिजे.

बोलण्याच्या क्रमापासूनच सुरुवात करता येईल. रोज सकाळी लाइनवर दहा मिनिटांची बैठक होते. कालचे उत्पादन, कालचे रिजेक्शन, आजचे लक्ष्य हे सगळे सुपरवायझर सांगतो, आणि शेवटी घड्याळाकडे पाहत ''कोणाची काही अडचण?'' असे विचारतो. आठवड्याच्या बैठकीत हेच एक पायरी वर घडते. मॅनेजर आधी आपले मत सांगतात आणि मग इतरांना विचारतात. साहेबांचे मत कळल्यावर वेगळे बोलणे म्हणजे लहान तोंडी मोठा घास. लष्करी न्यायालयात सदस्यांची मते घेताना सर्वांत कनिष्ठ दर्जाच्या अधिकाऱ्यापासून सुरुवात करतात, ती याच कारणाने. ज्येष्ठांचे मत आधी ऐकले की कनिष्ठाचे मत स्वतंत्र राहत नाही, हे जिथे हुकूम निमूट पाळला जातो अशा लष्कराने ओळखले, आणि समतेची पोस्टर्स भिंतीवर लावणाऱ्या आपल्या कार्यालयांनी ओळखलेले नाही.

हुद्द्याच्या उतरंडीची किंमत सर्वांत स्पष्टपणे दिसली ती मंगळूरला. 22 मे 2010 रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान उतरताना धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले आणि 158 जणांचा मृत्यू झाला. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने थेट कारण नोंदवले, ते असे की विमान उतरवण्यायोग्य स्थितीत नसतानाही कॅप्टनने उतरणे सोडून दिले नाही, आणि सहवैमानिकाने तीन वेळा 'गो अराउंड' म्हणजे पुन्हा वर चला असे सांगूनही ते उतरतच राहिले. म्हणजे कनिष्ठ बोलला होता, एकदा नव्हे तर तीनदा. अहवालाचा पुढचा भाग मला अधिक बोलका वाटतो. अशा वेळी सहवैमानिकाने स्वतः सूत्रे हाती घ्यावीत की नाही, याबाबतच्या सूचनांत संदिग्धता होती आणि बहुधा त्यामुळेच त्याने ताबा घेतला नाही, असे त्यात म्हटले आहे. बोलण्याची मुभा होती. बोलणे ऐकले गेले नाही तर पुढे काय, हे स्पष्ट नव्हते. विमानाची गोष्ट टोकाची खरी, पण 'सूचना करा, स्वागत आहे' असे लिहून तिथेच थांबणाऱ्या प्रत्येक ठिकाणी हीच पोकळी असते.

आमच्याकडच्या सूचनापेट्यांचे तेच होते. पेटीला कुलूप असते, किल्ली कोणाकडे आहे हे दोन अधिकाऱ्यांना विचारावे लागते आणि आत टाकलेल्या चिठ्ठीचे काय झाले, हे कधीही कळत नाही. जपानच्या टोयोटा कंपनीने 1951 पासून कामगारांच्या सूचनांची पद्धत चालवली. तिचा बोलबाला झाल्यावर आपल्याकडेही क्वालिटी सर्कल म्हणजे कामातल्या अडचणी सोडवणारे कामगारांचे छोटे गट आले, मग कायझन म्हणजे लहान लहान सुधारणा सतत करत राहण्याची पद्धत आली. या पद्धतींनी पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यांत पुष्कळ चांगले घडवले, हे मी जवळून पाहिले आहे आणि ते नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु मुळातला धागा वाटेत कुठेतरी सुटला. दर माणशी दर महिन्याला एक कायझन, असे लक्ष्य ठरले की महिनाअखेरीला झाडू टांगायला खिळा ठोकल्याचे 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो गोळा होऊ लागतात. फॉर्म इंग्रजीत, सादरीकरण संगणकावर. त्यामुळे ज्याला सुचले तो एक, ज्याने स्लाइड केल्या तो दुसरा, आणि बक्षीस घेताना फोटोत उभा राहिलेला बहुधा दुसराच. एकदा आपली युक्ती दुसऱ्याच्या नावावर लागलेली पाहिल्यावर माणूस पुढची युक्ती स्वतःपाशीच ठेवतो. मशीनवरचे कित्येक जुने ऑपरेटर आपल्या खिशातल्या डायरीत सेटिंगच्या खुणा लिहून ठेवतात आणि कोणाला दाखवत नाहीत. त्यांना स्वार्थी म्हणणे सोपे आहे; मला तो त्यांचा हिशेब वाटतो.

कंत्राटी कामगारांचा प्रश्न याहून अवघड आहे. अनेक कारखान्यांत पॅकिंग, साफसफाई, मालाची चढउतार आणि कित्येकदा प्रत्यक्ष उत्पादनही कंत्राटी हातांवर चालते. शिवाय शिकाऊ मुले येतात, वर्षभराने जातात. यांतले कोणीही सूचनांच्या योजनेत नसते. मनुष्यबळ विभागातील लोकांशी खासगीत बोलले तर ते कारण सांगतात: कंत्राटी माणसाला आम्ही थेट बक्षीस दिले, त्याच्या सूचना नोंदवून घेतल्या, तर उद्या तो आमचाच कामगार असल्याचा पुरावा म्हणून तो कागद न्यायालयात येईल. ही भीती अगदीच निराधार नाही, कारण कंत्राट खरे की दिखाऊ हे ठरवताना कामगारावर देखरेख आणि नियंत्रण कोणाचे, हे न्यायालये पाहतात. पण मग जो माणूस दिवसभर त्या टेबलावर उभा असतो, त्याच्या डोळ्यांना दिसते ते पाहायचेच नाही, असे कायद्याच्या भीतीने ठरवणे हा शहाणपणाचा सौदा आहे का? सूचना कंत्राटदाराच्या पर्यवेक्षकासमोर घेता येते, तिच्यावर माणसाचे नाव लिहिता येते आणि बक्षीसही कंत्राटदारामार्फत देता येते. धोक्याच्या बाबतीत तर कायद्याने ही दिशा पूर्वीच दाखवली आहे. भोपाळच्या वायुगळतीनंतर 1987 साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि घातक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांत सुरक्षा समितीत कामगारांना समान स्थान तर मिळालेच, शिवाय जिवाला निकटचा धोका वाटला तर तो मालकाच्या नजरेस आणून देण्याचा हक्कही मिळाला. त्यासाठी मात्र हजारो माणसे मरावी लागली.

भाषेविषयीही स्पष्ट बोलायला हवे. आपण मराठी माणसे, बैठक इंग्रजीत झाली की आपल्या ऑपरेटरला गप्प बसावे लागते याचा राग धरतो, आणि तो योग्य आहे. त्याच लाइनवर ओडिशातून किंवा बिहारमधून आलेला मुलगा मराठी बैठकीत तसाच गप्प उभा असतो, हे मात्र आपल्या लक्षात येत नाही. गोंगाटाच्या विभागात मूकबधिर कामगार घेतले जातात, त्यांचे काम नेटके असते म्हणून कौतुकही होते. पण सकाळच्या बैठकीत ते शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून अंदाज बांधत असतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रत्येक आस्थापनेला समान संधीचे धोरण जाहीर करायला सांगितले आहे. ते धोरण संकेतस्थळावर सापडते. बैठकीतला मजकूर फळ्यावर लिहिण्याइतका साधा बदल लाइनवर सापडत नाही.

स्त्रियांना बोलते करायला आपल्या समाजाला अजून वेळ लागेल, असे सांगणाऱ्यांना मुंबईचा एक दाखला द्यावासा वाटतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या साप्ताहिक सुट्टीसाठी 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सभा घेतली. सुमारे दहा हजार कामगार जमलेल्या त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. पुढे 10 जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढारी स्त्रियांच्या वतीने बोलू शकले असते. लोखंड्यांनी व्यासपीठ त्यांनाच दिले. आजच्या बहुसंख्य बैठकांत महिलांच्या अडचणी महिलांच्या वतीने पुरुषच सांगतात, आणि कामाविषयीच्या त्यांच्या कल्पना तर कोणी विचारतही नाही. कार्यालयीन नोकऱ्यांतही फार निराळे नाही. हिंजवडीत नोकरी करणारी माझ्या नात्यातली मुलगी सांगते की ऑनलाइन बैठकीत तिने मांडलेली गोष्ट पाच मिनिटांनी एखाद्या पुरुष सहकाऱ्याने पुन्हा मांडली की मगच तिची नोंद होते.

हे कसे बदलावे, याबद्दल माझे म्हणणे मोठ्या योजनांचे नाही. सूचना कोणत्याही भाषेत, तोंडी असली तरी चालेल, पण सांगणाऱ्याच्या नावासह नोंदवली जावी आणि पंधरा दिवसांत त्याला उत्तर मिळावे. उत्तर नकाराचे असायला हरकत नाही. ''हे करता येणार नाही, कारण ग्राहकाने मंजूर केलेल्या प्रक्रियेत बदल चालत नाही'' असे स्पष्ट सांगितले तर माणूस नाराज होत नाही, उलट पुढच्या वेळी ते ध्यानात ठेवून बोलतो. त्याला खचवते ते मौन. बैठकीत सर्वांत नवा आणि सर्वांत खालच्या हुद्द्यावरचा माणूस आधी बोलेल, आणि ज्येष्ठ शेवटी, एवढा नियम ठेवायला पैसा लागत नाही. व्यवस्थापकांचा आक्षेप मला ठाऊक आहे: सगळ्यांचे ऐकत बसलो तर माल कधी काढायचा? तो अगदी खोटा नाही. शंभरातल्या ऐंशी सूचना पंख्याच्या दिशेविषयी असतात आणि निर्णय शेवटी एकालाच घ्यावा लागतो. मात्र ऐकणे आणि मान्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गंजलेल्या मालाच्या गाड्या परत येण्यात जो वेळ जातो, तो दहा मिनिटांच्या बैठकीपेक्षा बराच जास्त असतो.

कामगार संघटनांनीही यात आपले घर तपासावे. कायम कामगारांच्या मागण्यांसाठी लढणाऱ्या बऱ्याच संघटनांच्या सभेत कंत्राटी कामगाराला सदस्यत्व तर नसतेच, पण मागे उभे राहून ऐकायलाही जागा नसते. व्यवस्थापनाकडे जो हक्क मागायचा, तो आपल्या सभेत नाकारायचा, हे फार काळ चालणार नाही. निवडणुकीच्या वेळी त्यांची आठवण होते, ती वेगळी.

शासनाकडून एक अपेक्षा आहे. 20 किंवा अधिक कामगार असलेल्या किती आस्थापनांनी तक्रार निवारण समिती स्थापन केली, तिच्या किती बैठका झाल्या आणि महिला सदस्यांचे प्रमाण काय, ही माहिती कामगार आयुक्तालयाने जिल्हावार प्रसिद्ध करावी, आणि त्या समितीलाच सूचना नोंदवून घेण्याचे व त्यांवर लेखी उत्तर देण्याचे काम जोडता येईल का, याचा विचार करावा. तोपर्यंत आपल्या वार्ताहरांनी पुणे, नाशिक आणि छत्रपती संभाजीनगर येथील कामगार कार्यालयांकडे माहितीच्या अधिकारात हे आकडे मागवून ते छापावेत, अशी विनंती आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त डिस्पॅच पर्यवेक्षक, चिंचवड
(नाव व पत्ता संपादकांकडे)